पाचवा डबा

खिंड ऑक्टोबरात मिटते.
मेंढ्या उतरतात, माणसं उतरतात,
वर तुशेतीत उरतात दगडी बुरूज, तीन कुत्री
आणि उशांगी, वय एकाहत्तर.
कुणीतरी वर असायला हवं, म्हणतो,
आणि विषय संपवतो.

त्याच्या बुरुजापासून खाली अलवानीपर्यंत सात डबे.
कुठे खांबावर, कुठे पत्र्यावर,
एक तर चर्चच्या घंटेच्या चौकटीला तारेनं आवळलेला.
एक बोलत असला की शेजारच्यानं गप्प राहायचं,
दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया.
माणसांना हे शिकवता आलेलं नाही कुणाला.
डब्यांना शिकवायचा मला पगार मिळतो.

शब्दाचे तुकडे पडतात, वीस-वीस मिलिसेकंदांचे,
आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र पाकीट.
पत्र चिमूटभर, पत्ता हातभर.
मी तीन-तीन तुकडे एका पाकिटात कोंबले.
फुटबॉल बघणाऱ्या पोरांना रांगेत मागे ढकललं.
शेवटच्या डब्याला सांगितलं, जरा थांब,
मागे पडलेल्यांना गाठू दे, मग ओळीनं आत सोड.
किती थांबायचं? साठ मिलिसेकंद.
जास्त थांबलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर पाय देतात.

पाचव्यावर बर्फ साचतं तेव्हा मात्र काही चालत नाही.
उशांगी बायकोला हाक मारायचा, नातेला,
खाली पोचायचं कधी 'तेला', कधी 'ला'.
एकदा शेवटचं अक्षर गळलं
आणि पोचलं नुसतं 'नाते'.
माझ्या भाषेत त्याला अर्थ आहे, त्यांच्या भाषेत नाही.
मी कुणाला बोलले नाही. तक्त्यात लिहिलं :
गळती, एक तृतीयांश.

मग मी ते केलं, जे सगळेच करतात.
बोलणं थांबलं की पाठवणं थांबवायचं.
शांततेसाठी कशाला वाहायची पाकिटं?
पलीकडे डबा स्वतःच थोडी खरखर तयार करतो,
ऐकणाऱ्याला वाटू नये, फोन मेला.
निम्मी हवा मोकळी झाली.
मालखाजनं आलेख छापून भिंतीला लावला.

आठवड्यानं नातेला आली.
टेबलावर चीजचा गोळा ठेवला, म्हणाली,
फोन बिघडवलात तुम्ही.
शब्द स्वच्छ येतात ना?
येतात. पण तो बोलत नसतो तेव्हा जातो कुठे?

मी म्हटलं, तिथंच असतो.
नसतो, ती म्हणाली.
चेचाळीस वर्षांत तो बोललाय किती!
मी फोन लावून त्याची चूल ऐकते.
कुत्रं कान खाजवतं ते.
खोकण्याआधी तो श्वास घेतो, तो.
आता तिथे कसलंतरी पाणी वाहतं. आमची नदी नाही ती,
आमच्या नदीला मी ओळखते.

मालखाज आलेखाकडे बघत राहिला.
मी यंत्रापाशी बसले आणि त्या एका जोडणीपुरतं
सगळं पुन्हा पूर्ववत केलं.
रोज रात्री दीड तास, सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या पुढे,
न बोलण्याची पाकिटं डोंगर उतरू लागली.
पोरांचा फुटबॉल अडखळला. शिव्या आल्या. घेतल्या.

त्यांना विचारून एकदाच कान लावला, मोजणीपुरता.
लाकूड तडकलं.
चमचा भांड्याला लागला.
खालून ती म्हणाली, झोपलास?
मी काटा बघत होते.
नाही, तो म्हणाला, पाचव्यावरचं बर्फ झाडून आलोय.

उत्तराला लागले नऊ सेकंद.
त्यातले नव्वद मिलिसेकंद माझ्या डब्यांचे.
बाकीचे उशांगीचे.